वाघ झोपलेला, सिंह पाठमोरा : मोठी मांजरं बघायची तरी कशी?

तिरपीरेघ (धागाकर्ती)

काल भाच्याला घेऊन प्राणिसंग्रहालयात जाऊन आले. स्वारीचं वय साडेपाच. घरून निघतानाच फर्मान निघालं होतं की हत्तीबित्ती काही नको, फक्त वाघ, सिंह आणि त्यांचे भाऊबंद. पोचेपर्यंत साडेअकरा वाजले.

पुढच्या दीड तासाचा गोषवारा असा. सिंह पाठमोरा, झोपलेला. सिंहीण ओंडक्यामागे, त्यातले फक्त कान दिसले. वाघ चारी पाय वर करून उताणा, आपल्या घरचा बोका पडतो तसा. बिबट्याची पाटी होती, बिबट्या नव्हता. हिमबिबट्याच्या जाळीसमोर एक काका छातीठोकपणे सांगत होते की तो काय त्या खडकावर बसलाय, आणि आम्ही दहाबारा जण माना वाकड्या करून त्या खडकाकडे बघत होतो. शेवटी तो खडकच निघाला.

जॅग्वार मात्र चालत होता. काचेच्या कडेकडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळून परत, पुन्हा वळून परत. भाचा खूश. मला मात्र पाच मिनिटांनी बघवेना. दर फेरीला त्याच जागी, त्याच पद्धतीने तो मान वळवत होता. परतताना गाडीत भाच्याने विचारलं, "मावशी, त्याचं काही हरवलंय का?" काय उत्तर देणार, कप्पाळ!

तर जाणकारांना दोन प्रश्न. या प्राण्यांना बघायची काही रीत असते का, की नशिबावर हवाला? आणि ते जॅग्वारचं काय होतं?

उंटावरचाशहाणा

साडेअकराला गेलात तिथेच गाडी चुकली. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास लोळतो. जंगलातही लोळतो, तिथे फक्त आपण तिकीट काढलेलं नसतं. उघडण्याच्या वेळेला फाटकावर हजर राहा, नाहीतर शेवटचा तास धरा. ढगाळ दिवस असेल तर सोन्याहून पिवळं.

बोका_क्र_२

उताणा वाघ दिसला हे भाग्य समजा. पोट उघडं टाकून झोपलेलं मांजर म्हणजे निर्धास्त मांजर. दबा धरून बसलेला वाघ बघायला मिळाला असता तर फोटो चांगला आला असता, पण वाघाचा दिवस वाईट गेला असता.

अवांतर: आमच्या घरचा बोकाही पाहुणे आले की पाठ करून बसतो. त्याच्यासाठी मात्र तिकीट नाही.

किल्लीवाला

मोठ्या मांजरांच्या विभागात सहा वर्षं काम केलंय. कुठे ते विचारू नका, सांगणार नाही.

सकाळची वेळ चांगली, हे बरोबर. पण का, तेही सांगतो. बहुतेक ठिकाणी ही जनावरं रात्री आतल्या कोठड्यांमध्ये असतात. सकाळी बाहेरचं आवार साफ होतं, कुलपं दोनदोनदा तपासली जातात, मग सरकदार दार उघडून जनावर बाहेर सोडलं जातं. आपल्याला ते आवार कालचंच वाटतं, पण त्याच्या लेखी रात्रभरात बरंच काही घडलेलं असतं. कोण आलं, कोण गेलं, शेजारच्या आवारातल्या मादीची काय खबर, हे सगळं वासावरून वाचायचं असतं. त्यामुळे पहिला अर्धाएक तास वाघ सगळ्या कडा हुंगत फिरतो, गाल घासतो, ओंडक्यांवर नखं ओढतो, जागोजागी फवारा मारतो. मध्येच एखाद्या ठिकाणी हुंगून झाल्यावर ओठ वर ओढतो, नाकावर सुरकुत्या पाडतो, तोंड अर्धवट उघडं ठेवून गप्प उभा राहतो. बघणारे ओरडतात, "बघ बघ, चिडला!" चिडलेला नसतो. टाळूतल्या एका वेगळ्या वासेंद्रियाकडे तो वास पोचवत असतो. चिडलेल्या वाघाचे कान पाहा: फिरून मागच्या बाजूचे पांढरे ठिपके समोर दिसू लागले, तर मामला गरम आहे.

आणखी एक आवाज ऐकायला शिका. वाघ ओळखीच्या माणसाला किंवा वाघाला बघून नाकाने फुर्रर्र असं करतो, ओठ मिटून घोडा फुरफुरतो त्याच्या जवळपास जाणारं. तो रामराम आहे. हिमबिबट्याही करतो. सिंह करत नाही.

जॅग्वारबद्दल रात्री सवडीने लिहितो, दोन ओळींत सांगण्यासारखं नाही ते.

सायसाखर

त्या फवाऱ्याबद्दल इशारा देते. वाघ शेपटी ताठ वर करून तुमच्याकडे पाठ फिरवत असेल तर "किती छान पोझ दिली" म्हणत कॅमेरा काढू नये. बाजूला व्हावं. ताबडतोब. आमच्या गटातले एक सद्गृहस्थ झाले नाहीत, आणि परतीच्या प्रवासात गाडीच्या चारही काचा खाली होत्या.

उंटावरचाशहाणा

@सायसाखर, हसून हसून पुरेवाट!

पण त्यातही गंमत आहे. वाघाच्या या फवाऱ्यात २-असिटिल-१-पायरोलिन नावाचं रसायन सापडलंय. सुवासिक तांदळाला जो वास येतो तो याच रसायनाचा. तुमचे सद्गृहस्थ तांत्रिकदृष्ट्या दरवळत होते.

बंदचकरा

धाग्यात सगळे "कधी जावं, कुठे उभं राहावं" यातच रमलेत. मूळ प्रश्न भाच्याने विचारलाय आणि त्याला कोणी हात लावत नाहीये.

२००३ साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. वेगवेगळ्या मांसभक्षक प्राण्यांची तुलना होती. निष्कर्ष असा की जंगलात ज्यांचा वावर जास्त मोठ्या प्रदेशात असतो, त्यांच्यात बंदिवासातल्या येरझारा जास्त आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. चौरस किलोमीटरमध्ये जगणाऱ्या जनावराला चौरस मीटरमध्ये ठेवायचं आणि वर "झोपतो का रे" म्हणून काच वाजवायची. मी दहा वर्षांपूर्वी जाणं बंद केलं.

चष्मिष्ट

काच वाजवणाऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण एक खोडी काढतेच. पिंजऱ्यांचे गज काढून खंदक आणले कोणी? कार्ल हागेनबेकने, १९०७ साली, हँबुर्गजवळ. त्यापूर्वी मोठ्या मांजरांच्या वाट्याला बहुधा गजांची खोलीच. खंदकामुळे सिंह मोकळा दिसायला लागला. 'दिसायला' म्हणतेय मी. सोय आधी बघणाऱ्याच्या डोळ्यांची झाली, सिंहाची नंतर.

सिंहाची बाजू नीट मांडली ती पुढे हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने. बर्न, बाझेल आणि झुरिच अशा तिन्ही ठिकाणची प्राणिसंग्रहालयं त्याने चालवली. प्रत्येक जनावराचं एक पळ काढण्याचं अंतर असतं, ही कल्पना त्याची. त्या अंतराच्या आत कोणी आलं की जनावर निघून जातं. आता जिथून निघूनच जाता येत नाही अशी जागा दिली तर? म्हणून जागा किती चौरस फूट यापेक्षा त्या जागेत काय आहे याला तो जास्त महत्त्व द्यायचा. आडोसा, उंचवटा, नजरेआड जायची सोय.

म्हणून तिरपीरेघताई, बिबट्या दिसला नाही ही त्या आवाराबद्दलची तक्रार नाही, शिफारस आहे! बिबट्या कायम दिसत असेल तर त्याच्याकडे लपायला जागा नाही असं समजायचं.

तिरपीरेघ

हे मात्र पटलं. पाटी बघून परत आले त्याचं आता तितकंसं वाईट वाटत नाहीये.

बोका_क्र_२

पण मग तिकीट कशाचं काढायचं, झुडपाचं?

किल्लीवाला

झुडपाचंच काढायचं. आणि त्यासमोर वीस मिनिटं उभं राहायचं. सहा वर्षांत लोक कसे बघतात तेही मी बघितलं. दोन मिनिटं थांबतात, "काही नाहीये" म्हणतात आणि पुढे जातात. त्यांची पाठ वळल्यावर बिबट्या बाहेर येतो, कारण दालन शांत झालेलं असतं. सहा जनावरं घाईने बघण्यापेक्षा एकच धरा. बाकीची पुढच्या वेळी.

हिमबिबट्या शोधताना अख्खं जनावर शोधू नका, शेपूट शोधा. शरीराच्या मानाने भलतीच लांब आणि जाडजूड असते, आणि खडकाला असा केसाळ दोर लोंबत नाही. झोपताना तो तीच तोंडावर ओढून घेतो. तुमच्या काकांचा खडक बिनशेपटीचा होता, तिथेच त्यांनी ओळखायला हवं होतं. 🙂

आता जॅग्वार.

येरझारा दिसल्या म्हणजे जनावर वेडं झालं, असं सरसकट नसतं. आणि "त्याला व्यायाम लागतो हो" म्हणून सोडून देण्यासारखंही नसतं. मी आधी घड्याळ बघायचो. खाण्याची किंवा आत जायची वेळ जवळ आली की जवळपास सगळीच दाराशी घुटमळतात. तासभर आधी सुरू होतं, दार उघडलं की संपतं. ती वाट बघणं झालं, आपण जेवणाआधी स्वयंपाकघरात तीन चकरा मारतो तसं. पण भर दुपारी, कुठलंही कारण नसताना, त्याच रेघेवर, त्याच जागी मान फिरवत? मग मी मुद्दाम बघायचो की ते मोडता येतं का. फांदी टाकली, हाक मारली, शेजारच्या आवारात खुडबुड झाली, तर थांबतं का? हुंगतं का? थांबत असेल तर अजून आशा असते. काहीही केलं तरी पावलं मोजल्यासारखी पडत राहिली, तर वाईट.

त्यात एक कटू गोष्ट आहे. एकदा ही सवय मुरली की चांगल्या आवारात हलवल्यावरही ती पूर्ण जातेच असं नाही. जखम भरते, वण राहतो. म्हणून आज जे दिसतं त्यावरून आजची जागा वाईट आहे असं लगेच म्हणता येत नाही. ते जनावर कुठून आलं, लहानपणी कुठे वाढलं, हे विचारावं लागतं.

आम्ही काय करायचो? मांस रोज एकाच वेळी, एकाच जागी द्यायचं नाही. कधी उंच टांगायचं, कधी ओंडक्यात लपवायचं, कधी हाडासकट मोठा तुकडा, म्हणजे सोलण्याओढण्यात तास जातो. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास असतो. जंगलात रोज कुठे शिकार मिळते? वासांचे खेळही करायचो. मसाले, दुसऱ्या जनावराच्या आवारातला पेंढा, अत्तर.

सायसाखर

अत्तर???

किल्लीवाला

हो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांसमोर वेगवेगळी अत्तरं ठेवून बघितली, तर बाजी मारली कॅल्विन क्लाइनच्या 'ऑब्सेशन फॉर मेन'ने. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जॅग्वारना कॅमेऱ्यासमोर थांबवायलाही ते वापरलं गेलं.

उंटावरचाशहाणा

म्हणजे जाहिरातीत दाखवतात तसं खरंच होतं तर. फक्त कोण मागे लागेल ते सांगत नाहीत.

पाऊलखूण

उशिरा आले, धागा एका दमात वाचला. माझी भर लहानांपुरती.

काचेपलीकडचा वाघ मुलाकडे टक लावून बघतो, मूल पळालं की काचेला धरून त्याच्याबरोबर धावतो, आणि आईबाबा "त्यांची गट्टी जमली" म्हणून व्हिडिओ टाकतात. ती गट्टी नव्हे. लहान आकार, वेडावाकडा वेग, वळलेली पाठ, हा शिकारीचा इशारा आहे. मूल घाबरू नये म्हणून खोटं सांगायची गरज नाही. माझ्या मुलीला मी सरळ सांगितलं, "तो तुला ससा समजतोय." तिला भलताच अभिमान वाटला.

दुसरं, मुलांना कठड्यावर बसवू नका, एवढं सांगूनही लोक बसवतात. वाघ किती उंच उडी मारेल हे माणसाने गृहीत धरू नये. २००७ च्या २५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयातून वाघीण बाहेर आली आणि एका तरुणाचा जीव गेला. नंतर मोजलं तर खंदकाची भिंत सुमारे ३.८ मीटर भरली, शिफारस जवळजवळ ५ मीटरची होती. तोवर अनेक वर्षं कोणी मोजलीच नव्हती बहुतेक.

चष्मिष्ट

मुलांसाठी अजून एक खेळ: ठिपके वाचायचे. जॅग्वारच्या फुलासारख्या ठिपक्यांच्या पोटात बारके टिंब असतात, बिबट्याच्या ठिपक्यांत सहसा नसतात. चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी रेघ. काळा बिबट्या आणि काळा जॅग्वार यांच्यावर तिरपं ऊन पडू द्या, काळ्यावर काळे ठिपके उमटतात. माझ्या मते तिथलं सगळ्यात सुंदर दृश्य तेच.

सिंहाच्या आयाळीबद्दलही: थंड प्रदेशातल्या प्राणिसंग्रहालयात आयाळ जास्त दाट वाढते. म्हणून जंगलातला सिंह प्रत्यक्ष पाहिला की काहींना तो 'कमी सिंह' वाटतो.

रातकिडा

पांढरा वाघ कोणी काढला नाही अजून? आमच्याकडे सगळ्यात मोठी गर्दी तिथेच. दुर्मीळ जात आहे म्हणे, वाचवायला हवी.

चष्मिष्ट

जात नाही हो ती! एका जनुकातला एकच बदल, २०१३ साली शोधला गेला. बंदिवासातल्या पांढऱ्या वाघांची वंशावळ बहुतांशी १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' या बछड्यापाशी पोचते. रंग टिकवायचा तर बाप-लेक, भाऊ-बहीण अशीच जुळणी करावी लागली, आणि त्यातून व्यंगं आली. नीट बघा, अनेकांचे डोळे तिरळे दिसतील. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना केवळ रंगासाठी पैदास करायला मनाई केली. गर्दी तिथे असते हे मात्र खरं, आणि तोपर्यंत पिवळ्या वाघापुढे जागा रिकामी मिळते, तो फायदा घ्यावा.

बंदचकरा

माहिती छान आहे सगळी. पण "संवर्धन" हे पांघरूण किती दिवस पुरणार? प्राणिसंग्रहालयातली किती मोठी मांजरं जंगलात परत गेली?

किल्लीवाला

फार थोडी. यात मी तुमच्याशी भांडणार नाही. रशियाच्या अतिपूर्वेकडचे अमूर बिबटे २००० च्या सुमारास जंगलात तीसेकच उरले होते, त्याहून कितीतरी जास्त प्राणिसंग्रहालयांत होते. आता जंगलात शंभरच्या आसपास आहेत. पण ही वाढ मुख्यतः तिथल्या संरक्षणामुळे, रशियाने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यान केलं त्यामुळे. आम्ही राखीव खेळाडूसारखे बाकावर बसलो होतो एवढंच म्हणता येईल.

एक उदाहरण मात्र जॅग्वारचंच आहे. अर्जेंटिनातल्या इबेराच्या पाणथळ प्रदेशातून जॅग्वार कित्येक दशकं नाहीसे झाले होते. तिथे परत आणायच्या प्रकल्पात २०१८ साली पहिली पिल्लं जन्मली, आणि त्यांची आई तानिया ही प्राणिसंग्रहालयात जन्मलेली, तीन पायांची. ती स्वतः कधीच मोकळी सुटणार नव्हती. पण तिच्या लेकी सुटल्या.

बंदचकरा

हे ठाऊक नव्हतं. वाचतो. मत बदललं असं समजू नका.

तिरपीरेघ

परवा पुन्हा जाऊन आलो. अपडेट देते.

फाटक उघडायच्या आधी दहा मिनिटं हजर. भाच्याशी करार: आज एकच जनावर, आणि ते त्याने निवडायचं. मला वाटलं वाघ म्हणेल. म्हणाला, "ज्याचं हरवलंय तो."

तो नाही, ती निघाली. तिथल्या रक्षकदादांना विचारलं. कामात होते, पण बोलले. एका खासगी जागेतून सुटका होऊन आली आहे, आली तेव्हा वाढलेली होती. येरझारा तेव्हापासूनच्या, आता बऱ्याच कमी. खाणं द्यायच्या जागा रोज बदलतात म्हणाले. आम्ही उभे होतो तेव्हा पहिली पंचवीस मिनिटं तिने पत्ताच लागू दिला नाही. भाचा दोनदा कंटाळला, एकदा खाली बसला, एकदा दुसऱ्या मुलाशी भांडला. मग ती पाण्याच्या कडेने आली, ओंडका हुंगला, ओठ वर ओढले (चिडली नाही, हे भाच्याने आजूबाजूच्या चार जणांना समजावलं), आणि पाण्यात उतरली. पाच मिनिटं पोहली असेल. काय सहज पोहते! बाहेर येऊन अंग झटकलं, आणि काचेच्या कडेला आली.

आणि चालायला लागली. तीच रेघ, तोच वळायचा कोपरा.

मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. मग मागे कुठेतरी बादली वाजली तशी थांबली, कान फिरवले, झुडपात गेली. किल्लीवाला, हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

भाचा तेवढा वेळ काचेपासून चार पावलं लांब उभा राहून ठिपके बघत होता. घरी येऊन चित्र काढलंय. तिच्या खांद्यावर एक ठिपका फुटक्या बांगडीसारखा आहे, दोन टिंबं आत आणि एक निसटून बाहेर. पुढच्या वेळी त्यावरून ओळखणार आहे म्हणे.

किल्लीवाला

बादली वाजल्यावर थांबली ना? मग ठीक. छान नाही म्हणणार, ठीक.

चित्र जपून ठेवा. अभ्यासक कॅमेऱ्यात आलेले जॅग्वार असेच ओळखतात. फक्त खांदा डावा की उजवा ते लिहून ठेवा, दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी असते.

तिरपीरेघ

त्याला विचारलं. डावा. उजवी बाजू तिने नीट दाखवलीच नाही, म्हणून रविवारी परत जायचंय.